जुन्या रिळाचे मोल

जुन्या वस्तूच्या व्यवहारासाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत, मोड आणि घडणावळ. पितळेचा हंडा मोडीत घातला की दुकानदार तो काट्यावर ठेवतो. तो कोणी घडवला, कोणाच्या लग्नात रुखवतात आला, याच्याशी काट्याला कर्तव्य नसते. दागिना विकायला नेला की सोनार घट वजा करून सोन्याचे पैसे देतो, घडणावळ मात्र परत मिळत नाही. माणसाच्या हाताने वस्तूत जे घातले, तेच व्यवहारात सर्वांत आधी बुडते. हे बरोबर आहे का, हा प्रश्न मला गेली काही वर्षे एका आडवळणाच्या वस्तूमुळे पडत आला आहे. ती वस्तू म्हणजे समुद्रात गळाने मासे पकडण्याचे जुने रीळ.

व्यापारी जहाजांच्या इंजिन विभागात माझी नोकरी झाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत जहाज लागले की मासेमारीच्या सामानाच्या दुकानांत वेळ काढायचा नाद लागला, आणि निवृत्तीनंतर जुनी रिळे उघडून साफ करण्याचा. त्यामुळे ओळखीपाळखीतून लोक रिळे घेऊन येतात. त्यांचे प्रश्न दोनच असतात. याचे किती येतील? आणि हे सुधारून वापरता येईल का? दोन्ही प्रश्न कारागिराला विचारल्यासारखे वाटतात. पण उत्तर देताना दर वेळी लक्षात येते की आपण कारागिरीच्या पलीकडे काहीतरी ठरवतो आहोत.

ज्यांनी असे रीळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. रीळ म्हणजे दांड्यावर बसवलेली, दोरी गुंडाळायची फिरकी. लहान माशासाठी तेवढे पुरते. समुद्रातला मोठा मासा गळाला लागला की शेकडो हात दोरी ओढून पळतो. त्याला दोरी द्यावीही लागते आणि देताना अडवावेही लागते, नाहीतर दोरी तरी तुटते किंवा संपते तरी. १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटापाशी १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना मासा दांडा आणि रिळावर पकडला. त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लब स्थापन झाला. त्या काळच्या रिळांत मासा पळू लागला की मूठ उलटी गरगरत बोटांवर आपटे. फिरकीवर चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबून धरणे हाच माशाला अडवण्याचा उपाय होता. पुढे विल्यम बोशेन यांच्या कल्पनेवरून ब्रुकलिनच्या ज्युलियस व्हॉम होफ या कारागिराने नवे रीळ बनवले. त्यात ताऱ्याच्या आकाराचे चाक फिरवून घर्षण कमीजास्त करता येत होते. मूठ उलटी फिरायची थांबली आणि मासा दोरी ओढत असतानाच ब्रेक लागू लागला. तसे रीळ वापरून बोशेन यांनी १९१३ साली कॅटालिनापाशी ३५५ पौंडांचा तलवारमासा पकडला. ही रचना ‘स्टार ड्रॅग’ म्हणून ओळखली जाते आणि आजही टिकून आहे.

व्हॉम होफ घराण्याची रिळे कडक रबर आणि जर्मन सिल्व्हरची असत. नावात चांदी असली तरी हा धातू तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. आपल्याकडे तर ‘जर्मन’ म्हटले की ॲल्युमिनियमचे पातेले डोळ्यांपुढे येते. ही रिळे थोडी बनली आणि पैसेवाल्यांनी घेतली. याउलट जर्मनीहून आलेल्या ऑटो हेन्झ यांनी १९३२ साली, महामंदीच्या दिवसांत, फिलाडेल्फियात पेन ही कंपनी काढली आणि साध्या माणसाला परवडतील अशी रिळे बनवायला घेतली. १९३६ मध्ये आलेले त्यांचे ‘सिनेटर’ हे रीळ बेकेलाइटच्या बाजू आणि क्रोम चढवलेले पितळ यांचे होते. अशी रिळे प्रचंड संख्येने खपली आणि जगभरच्या बोटींवर पोचली. आपल्या किनाऱ्यावर जी थोडी दिसतात ती बहुधा जहाजावरच्या कोणीतरी सामानातून आणलेली असतात.

आता किमतीकडे वळू. दुर्मीळ व्हॉम होफ रिळासाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात. जुन्या सिनेटरला बहुतेक वेळा त्याच्या आसपासही काही मिळत नाही, कारण ते सगळीकडे आहे. एकाच नमुन्याच्या दोन रिळांत मात्र जास्त पैसे मिळतात ते न वापरलेल्याला. खोका, कागदपत्र, सोबत आलेला छोटा पाना आणि वंगणाची नळी जशीच्या तशी असेल, तर भाव चढतो. मालकाने बाजूवर नाव कोरले असेल तर उतरतो. पितळ घासून लखलखीत केले असेल तरीही उतरतो. चिंच लावून भांडी घासणाऱ्या आपल्या घरांत हे कोणाला पटणार नाही, पण संग्राहकाला काळाने चढवलेला काळपटपणाच हवा असतो. तो एकदा घासून काढला की परत आणता येत नाही.

इथे पहिला पेच उभा राहतो. बाजार सर्वांत जास्त पैसे त्या रिळाला देतो, ज्याने काहीच केले नाही. चाळीस वर्षे खाऱ्या पाण्यात राबलेले, दाते झिजलेले, मालकाच्या अंगठ्याने एका जागी गुळगुळीत झालेले रीळ त्याच्या लेखी ‘खराब’ प्रतीचे. माणसांच्या बाबतीत आपण असा निकष उघडपणे लावणार नाही. ज्याने आयुष्यभर काम केले त्याच्यापेक्षा कपाटात बसून राहिलेला श्रेष्ठ, असे म्हणायला आपली जीभ धजणार नाही. मग वस्तूंच्या बाबतीत हे इतके सहज का वाटते?

बाजाराची बाजूही ऐकून घ्यायला हवी. न वापरलेले रीळ साक्षीदार असते. त्या साली कारखान्यात कसला स्क्रू वापरत, क्रोम किती जाड चढवत, खोक्यावर काय छापत, हे त्याच्यावरून कळते. राबलेल्या रिळावरून हे नीट कळत नाही, कारण मधल्या दुरुस्त्यांनी साक्ष गढूळ झालेली असते. संग्राहक पैसे देतो ते या साक्षीचे. हे मोल खोटे नाही. फक्त तेच एकमेव मोल आहे, असे किमतीचा आकडा परस्पर ठरवून टाकतो, आणि माझा आक्षेप तेवढ्याला आहे.

म्हणून ‘याचे किती येतील’ असे कोणी विचारले की मी आधी उलट विचारतो, ‘तुम्ही याचे काय करणार आहात?’ हा प्रश्न टाळण्यासाठी नसतो. विकणाऱ्याला एक उत्तर लागते, मासे पकडणाऱ्याला दुसरे, आठवण म्हणून ठेवणाऱ्याला तिसरे. विकायचेच असेल तर मी आकडा सांगतो, आणि तो लोकांनी मागितलेल्या किमतींवरून न ठरवता प्रत्यक्ष झालेल्या विक्रींवरून ठरवतो. मागायला कोणी काहीही मागतो. त्याच वेळी मी हेही सांगतो की मी स्वतः ते विकत घेणार नाही. जो भाव ठरवतो त्यानेच खरेदी करू नये. समोरच्याला आपल्या हातातली वस्तू काय आहे ते ठाऊक नसते आणि मला ते ठाऊक असते. या फरकावर पैसे कमावणे कायद्याने गुन्हा नसेल. व्यापारी म्हणेल, माझे ज्ञान हेच माझे भांडवल. पण वडील गेल्यावर माळा आवरताना रीळ सापडलेला माणूस बाजारात सौद्याला आलेला नसतो, तो सल्ला मागायला आलेला असतो. सल्ला मागायला आलेल्याशी सौदा करायचा असेल, तर निदान ‘मला घ्यायचे आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायला हवे.

दुसरा प्रश्न सुधारणेचा, आणि तो जास्त अवघड आहे. जुन्या सिनेटरच्या आत ब्रेकसाठी चकत्यांची चळत असते. जुन्या रिळांत त्या चामड्याच्या किंवा दाबलेल्या तंतूंच्या असतात. चामडे सुकून कडक होते, ग्रीसचा दगड होतो, आणि ब्रेक सलग घसरण्याऐवजी झटके देऊ लागतो. झटक्याने दोरी तुटते. त्या जागी कार्बन तंतूंच्या चकत्या बसवल्या की ब्रेक गुळगुळीत आणि बळकट होतो. पण ब्रेक बळकट झाला की त्याचा ताण दात्यांवर येतो, म्हणून पितळी दातेरी चाकाच्या जागी पोलादी. दाते टिकले की ताण चौकटीवर. जुन्या सिनेटरची चौकट सुट्या खांबांवर उभी असते आणि ती पिळवटते, म्हणून एकसंध ॲल्युमिनियमची चौकट. फिरकीचेही तेच. लिननच्या दोरीच्या काळातल्या फिरक्यांवर पुढे नायलॉनची एकपदरी दोरी आली. ती ताणाखाली लांबते आणि ताणलेलीच गुंडाळली गेली की आखडू पाहते. शेकडो वेढ्यांचा दाब एकवटून तो फिरकीच्या कडा फाकवतो. म्हणून फिरकीही नवी. एक भाग बळकट केला की दुबळेपणा पुढच्या भागात सरकतो. या वाटेने सरळ चालत गेले तर शेवटी मूळ रिळाच्या फक्त दोन काळ्या बाजू उरतात. या सुट्या भागांचा खर्च तर अनेकदा त्या रिळाच्या बाजारभावाच्या वर जातो. हिशेबी माणसाने हे करूच नये.

तरीही लोक करतात, आणि करताना विचारतात, ‘हे तेच रीळ राहील ना?’

हा प्रश्न फार जुना आहे. अथेन्सचे लोक थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या बदलत राहिले आणि ते तेच जहाज का, यावर तत्त्ववेत्ते वाद घालत राहिले, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे कोणते? आपल्याकडे ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला रथावरून विचारतात. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? यांतले एकही रथ नाही आणि यांच्यावाचून वेगळा रथही नाही. हे सगळे एकत्र आले म्हणून ‘रथ’ असे म्हणायची रीत पडली आहे, इतकेच.

नागसेनांचे उत्तर मला पटते, पण ते रथाबद्दल आहे. माणसे ‘हे रीळ आहे का’ असे विचारत नाहीत. ती विचारतात, ‘हे बाबांचे रीळ आहे का?’ या षष्ठीचे काय करायचे?

रत्नागिरीकडचे एक भाऊबहीण असेच रीळ घेऊन आले होते. वडील जहाजावर फिटर होते, त्यांनी आणलेले सिनेटर. बाजूवर त्यांनी टोकदार काहीतरी घेऊन नावाची आद्याक्षरे कोरली होती. भावाचा एका लहान बोटीत हिस्सा होता आणि सुरमईच्या दिवसांत त्याला ते वापरायचे होते. तो म्हणाला, ‘काका, बाबांनी हे मासे मारायला आणलं होतं, कपाटात ठेवायला नाही.’ बहीण म्हणाली, ‘दादा, त्यातलं सगळं बदललंस तर बाबांचं काय उरलं? मग नवीनच घे ना.’ दोघांचेही म्हणणे बिनतोड होते. भावाला वडिलांचे काम पुढे चालवायचे होते, बहिणीला वडिलांची झीज जपायची होती. आत चामड्याच्या चकत्या एका बाजूने पातळ झालेल्या होत्या. ती झीज प्रत्यक्ष त्यांच्या माशांनी केलेली होती. ती फेकून देणे म्हणजे काय फेकणे, हे मला त्या मुलीला सांगता आले नसते.

अशा वेळी मला उपयोगी पडते ती आपल्या घरातली कल्हई. तांब्यापितळेच्या भांड्यांना वर्षाकाठी कल्हई करावी लागे, नाहीतर ताक कळके. भांड्याचा अन्नाला लागणारा पृष्ठभाग दर वेळी नवा होई, पण कोणी म्हटले नाही की हे आजीचे पातेले उरले नाही. उलट कल्हई न केलेले पातेले माळ्यावर जाई आणि तिथून मोडीत. ते आजीचे राहिले ते वापरात राहिल्यामुळे. कल्हई आणि मोड यांत फरक आहे तो परतीचा. कल्हई उतरते, पुन्हा चढवता येते, खाली तांबे तसेच असते. मोडीत गेलेले वितळते.

सुधारणेची माझी रेघ मी याच फरकावर ओढली आहे. जे पुढच्या माणसाला परत फिरवता येईल ते करावे, जे परत फिरवता येणार नाही ते करू नये. चकत्या, दातेरी चाक, स्प्रिंगा, फिरकी, अगदी चौकटसुद्धा, स्क्रू सोडवून बदलता येते आणि जुने परत बसवता येते. पेनसारख्या कंपन्यांनी सुट्या भागांना क्रमांक दिले ते याचसाठी. ज्या वस्तूला स्क्रू आहेत ती उघडली जाणार हे तिच्या कर्त्याने धरलेलेच होते. पण नवा भाग बसावा म्हणून जुन्या बाजूला भोक पाडणे, कानस मारणे, कोरलेली अक्षरे घासून काढणे, पुन्हा क्रोम चढवणे, याला परत वाट नाही. तिथे मी हात आखडतो. दुर्मीळ, हाताने घडवलेल्या रिळांना तर मी परत फिरवता येणारी सुधारणाही करत नाही. तसे एखादेच उरलेले असते, त्याची साक्ष सगळ्यांची असते, आणि मासे पकडायला दुसरी हजारो रिळे आहेत. राबण्याचा हक्क मुबलक वस्तूला जास्त आहे.

दुसरी अट लपवाछपवी न करण्याची. १९६४ च्या व्हेनिस सनदेत जुन्या वास्तूंबद्दल म्हटले आहे की नव्याने बसवलेला भाग संपूर्णाशी जुळावा, पण तो मूळचा नाही हे ओळखूही यावे. रिळाला वास्तूइतका मान नसेल, पण नियम तोच लागू पडतो. नव्या भागांवर काळपटपणा चढवून ‘अगदी मूळचे’ म्हणून विकणे, हे मला भोक पाडण्यापेक्षा वाईट वाटते. भोकाने एक वस्तू बिघडते. खोट्या काळपटपणाने पुढचा विकत घेणारा फसतो, आणि खऱ्या काळपटपणावरचाही त्याचा विश्वास उडतो.

सुधारणेला आणखी एक पक्षकार असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. तो म्हणजे मासा. ब्रेक बळकट झाला की झुंज लवकर संपते. मासा सोडूनच द्यायचा असेल तर ते त्याच्या हिताचे, कारण फार दमलेला मासा सोडला तरी जगेलच असे नाही. खायचाच असेल तर मात्र बळकट रिळाने जास्त मासे येतील इतकेच. जुन्या रिळाच्या अशक्तपणामुळे जी मर्यादा आपोआप पडत होती, ती आता माणसाने स्वतः घालून घ्यायची असते. नव्या चकत्यांसोबत हे कोणी विकत नाही.

त्या भावाबहिणीच्या रिळाचे मी ठरवले ते असे. चकत्या आणि दातेरी चाक नवे, चौकट जुनीच. चौकट जुनी म्हणून ब्रेक पूर्ण आवळायचा नाही, हे भावाला बजावले. आद्याक्षरांना हात लावला नाही. काढलेले भाग पुसून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून एका डबीत घातले आणि ती डबी बहिणीकडे दिली. हॉब्जचे दुसरे जहाज त्या डबीत आहे म्हणा. बहिणीचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. तिने डबी उघडून पातळ झालेली चकती बोटांत फिरवून पाहिली आणि काही न बोलता पर्समध्ये ठेवली. भावाने किंमत विचारली नाही. मीही सांगितली नाही, कारण विकायचे कोणाच्या मनात नव्हते आणि एकदा ऐकलेला आकडा डोक्यातून जात नाही.

मोडीचा काटा वजन सांगतो, संग्राहक साक्षीचा भाव सांगतो. घडणावळीचा हिशेब मात्र कोणत्याच बाजारात होत नाही, तो ज्याच्या हातात वस्तू आली त्याने करायचा असतो. त्याने ती वापरावी किंवा जपावी, दोन्ही चालेल, पण आपल्यानंतर ती ज्याच्याकडे जाईल त्याला तीच निवड करायला मोकळी ठेवावी. म्हणून प्रत्येक रिळाबरोबर मी एक कागद देतो. त्यावर लिहिलेले असते की काय काढले, काय बसवले, कोणत्या साली, आणि जुने भाग कोणाकडे आहेत.